हर्लिंग पाहून आल्यावर

हर्लीला, म्हणजे हर्लिंग या आयरिश खेळाच्या काठीला, अ‍ॅश झाडाचं लाकूड लागतं, आणि तेही बुंध्याचं. खोड जमिनीलगत मुळांकडे वळताना रुंद होतं, तिथलं. त्या जागी लाकडाच्या रेषाच वळलेल्या असतात. त्यामुळे काठीच्या टोकाचा पसरट, बाकदार भाग रेषेच्या अंगाने वळतो आणि मार बसला तरी सहसा चिरत नाही. वर पत्र्याची पट्टी ठोकलेली असते ती वेगळीच. २०२५ च्या मे महिन्यात मी मुलीकडे आयर्लंडला गेले, तेव्हा दाराशी चपलांच्या कपाटाला टेकून ठेवलेली अशी एक काठी मी हातात घेतली. माझ्या नऊ वर्षांच्या नातीची होती ती. उंचीने तिच्या कमरेपर्यंत, वजनाला हलकी, आणि धरायच्या जागी पकडपट्टी हाताच्या घामाने काळी पडलेली. वस्तू रोज वापरली जाते की नाही, हे अशा काळेपणावरून कळतं.

मी वाईची. शाळेत खेळाची शिक्षिका होते. नोकरीची सगळी वर्षं मुलींच्या खो-खोत गेली. त्यामुळे कुठेही गेलं तरी माझी नजर आधी खेळाकडे जाते. मुलगी राहते ते कॉर्क शहर. तिथल्या विमानतळावर एका माणसाचा पुतळा आहे, हातात हर्ली घेतलेला. मी विचारलं तेव्हा जावई म्हणाले, "आई, हा ख्रिस्टी रिंग. इथल्या लोकांचा देवच म्हणा." क्लॉइन नावाच्या खेड्यातला हा खेळाडू. कॉर्क काउंटीकडून, म्हणजे जिल्ह्याकडून, खेळताना त्याने अखिल आयर्लंड विजेतेपदाची आठ पदकं मिळवली आणि पोटासाठी तेलाचा टँकर चालवला. १९७९ साली तो वारला. विमानतळावर पुतळा उभारावा इतका मोठा खेळाडू, आणि खेळाचा म्हणून पगार नाही! जावयांनी सांगितलं की आजही तसंच आहे. काउंटीच्या संघातली मुलं शिक्षक असतात, पोलिसात असतात, शेती करतात, कॉलेजात शिकतात. ब्याऐंशी हजार माणसांसमोर अंतिम सामना खेळायचा आणि मग पुन्हा आपल्या कामाला लागायचं.

खेळ समजायला मला फार वेळ लागला नाही. एका बाजूला पंधरा जण. मैदान फुटबॉलच्या मैदानापेक्षा बरंच मोठं, १३० ते १४५ मीटर लांब आणि ८० ते ९० मीटर रुंद. दोन्ही टोकांना 'एच' अक्षराच्या आकाराचे खांब. आडव्या दांडीच्या वरून चेंडू गेला तर एक गुण. खालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. फलकावर दोन्ही वेगळे लिहितात. १-१८ असेल तर एक गोल आणि अठरा गुण, मिळून एकवीस. काउंटीचे मोठे सामने सत्तर मिनिटांचे. चेंडूला ते स्लिटर म्हणतात. आत बुचाचा गाभा, वर चामडं, आणि शिवणीच्या कडा बाहेर उठून आलेल्या. वजन ११० ते १२० ग्रॅम, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा पुष्कळ कमी. म्हणून तर तो अर्ध्या मैदानावरून खांबांमधून जातो.

चेंडू जमिनीवर मारता येतो, हवेत मारता येतो, पायाने लाथाडता येतो, तळहाताने थापटून साथीदाराकडे देता येतो. फेकता मात्र येत नाही. हातात धरून चार पावलांपेक्षा जास्त चालता येत नाही. जास्त पळायचं असेल तर धावता धावता चेंडू हर्लीच्या पसरट टोकावर तोलून न्यायचा, आणि आजूबाजूला तीन-चार जण खांद्याने खांदा मारत असताना. आणखी एक नियम आहे, ज्याच्यामुळे मला हा खेळ मनापासून आवडला. जमिनीवर पडलेला चेंडू थेट हाताने उचलायचा नाही. तो काठीनेच उचलायचा.

हे उचलणं नात रोज संध्याकाळी घरामागच्या अंगणात करायची. तिथे उन्हाळ्यात रात्री नऊ-साडेनऊपर्यंत उजेड असतो. दोन्ही गुडघ्यांत वाकायचं, एक पाय चेंडूच्या शेजारी, काठी जवळजवळ जमिनीला समांतर. चेंडू काठीने जरासा आपल्याकडे ओढायचा आणि तो लोळायला लागला की लगेच टोक त्याच्याखाली सारायचं. चेंडू टोकावर चढतो, वर उडतो. मोकळ्या हाताने तो झेलायचा, परत उडवायचा आणि भिंतीवर टोला. भिंतीवरून आला की पुन्हा. ती सुरुवातीला कंबरेतून वाकत होती, गुडघ्यांतून नाही. खो-खोत मुलींना मी हेच ओरडून ओरडून सांगत आले, तेव्हा ते माझ्या लगेच लक्षात आलं. तिला म्हटलं, "खाली बस, पाठ नको वाकवू." दोन दिवसांत फरक पडला.

मग एकदा तिने काठी माझ्या हातात दिली. विटीच्या टोकावर दांडू हलकेच आपटून ती उडवायची आणि हवेत असतानाच टोलवायची, हे मनगट ज्याने लहानपणी कमावलंय त्याला हा चेंडू उचलणं अवघड नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी चेंडू वर आला, मी टोला मारला, आणि तो भिंतीवर बसला.

"आज्जी, तू कुठे शिकलीस?"

"गणपती आळीत," मी म्हटलं.

शनिवारी सकाळी क्लबच्या मैदानावर मुलांची शिकवणी असते. क्लब म्हणजे श्रीमंतांचं काही नव्हे. तिकडे चर्चच्या हद्दीप्रमाणे वस्ती वाटलेली असते, त्या एकेका हद्दीचा एक क्लब. ज्या हद्दीत राहता त्या क्लबकडून खेळता; काउंटीच्या संघात निवड झाली तरी क्लब सुटत नाही. शिकवणारे मुलांचेच आईबाप. नातीच्या गटाला शिकवणारी बाई पेशाने नर्स. रात्रपाळी संपवून ती थेट मैदानावर यायची. कुणी गोलखांबांना जाळी बांधतंय, कुणी चहाचं बघतंय, एक म्हातारे गृहस्थ तुटलेल्या हर्ल्यांना पट्ट्या ठोकून देत आहेत. मुलांत आयरिश होती तशीच पोलंडची, नायजेरियाची, केरळची होती. माझ्या मुलीला त्या गावात पहिल्यांदा ओळखीपाळखी मिळाल्या त्या याच मैदानावर.

प्रत्येकाच्या डोक्याला तोंडासमोर जाळी असलेलं हेल्मेट असतं. मोठ्यांच्या सामन्यांतही २०१० पासून ते सक्तीचं आहे. पहिल्या दिवशी इतक्या काठ्या एकदम हवेत बघून माझ्या पोटात गोळा आला होता. त्या नर्सबाईंनी समजावलं की घाबरून लांब राहणाऱ्यालाच लागतं; जवळ घुसलं की समोरच्याला काठी फिरवायला जागाच उरत नाही. मुलांना पहिले काही आठवडे त्या हेच शिकवतात, आत जा. मागून येऊन आपली काठी अडकवून समोरच्याचा टोला हुकवणं हा तर एक स्वतंत्र डाव आहे, आणि तो साधला की गोल केल्यासारख्या टाळ्या पडतात. बचावाला अशी दाद मिळताना पाहून मला फार बरं वाटलं.

मुलींच्या खेळाला कमोगी म्हणतात. नियम जवळपास तेच. संघटना मात्र १९०४ पासून वेगळी. मी पोचले त्या दिवसांत तिकडे एकच विषय होता, खेळाडूंनी घालायचा स्कॉर्ट. आत चड्डी आणि वरून घागऱ्यासारखा पडदा, असा तो पोशाख. मुलींचं म्हणणं, धावताना तो अडतो, लाज सांभाळण्यातच लक्ष जातं, आम्हाला साधी खेळायची चड्डी घालू द्या. मेच्या सुरुवातीला किल्केनी आणि डब्लिनच्या मुली चड्डी घालूनच मैदानात उतरल्या. पंचांनी सामना खेळवणार नाही म्हटल्यावर त्यांना कपडे बदलावे लागले. पुढच्या आठवड्यात कॉर्क आणि वॉटरफर्डचा प्रांताचा अंतिम सामना याच कारणाने पुढे ढकलला गेला. शेवटी २२ मे रोजी संघटनेची खास सभा भरली आणि ९८ टक्के मतांनी ठरलं की ज्या मुलीला जे हवं ते तिने घालावं.

त्या रात्री मला झोप येईना. वाईत मी नोकरीला लागले तेव्हा मुली सलवार-कमीजमध्ये खो-खो खेळत, ओढणी कमरेला करकचून बांधून. खांबाला वळसा घालताना ओढणी सुटायची, मुलगी ती सावरायला थांबायची आणि बाद व्हायची. सामन्यांसाठी मुलींना हाफपँट द्यायची ठरवली तेव्हा पालकांच्या घरी जाऊन मी ओसरीवर तासन्‌तास बसले आहे. एका चांगल्या धावणाऱ्या मुलीचा खेळ निव्वळ कपड्यांपायी बंद झाला. ती मुलगी अजून डोळ्यांसमोर येते. म्हणून त्या ९८ टक्क्यांचं मोल मला कुणी सांगायला नको होतं. लेकीला मी सकाळी म्हटलं, "तुझ्या पोरीला आता चड्डीतच खेळव." ती म्हणाली, "आई, ती कधीची तेच घालते. लहानांना नियम नव्हताच."

२० जुलैला पुरुषांचा अंतिम सामना होता, कॉर्क विरुद्ध टिपरेरी, डब्लिनच्या क्रोक पार्कवर. कॉर्कने २००५ नंतर हे विजेतेपद पाहिलेलं नव्हतं. त्याच्या आदल्याच वर्षी क्लेअरने त्यांना जादा वेळेत एका गुणाने हरवलेलं. घराघरावर लाल-पांढरे झेंडे, दुकानांत लाल-पांढरे केक, गाईच्या गोठ्यालासुद्धा पताका. क्लबच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर सामना लावला होता. मध्यंतराला कॉर्क सहा गुणांनी पुढे. माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती.

उत्तरार्धात कॉर्कला फक्त दोन गुण मिळाले. पस्तीस मिनिटांत दोन! टिपरेरीने त्याच वेळात तीन गोल आणि चौदा गुण केले. कॉर्कची पेनल्टीही टिपरेरीच्या गोलरक्षकाने अडवली, आणि त्याच पठ्ठ्याने नंतर स्वतः लांबून एक गुणही मारला. शेवट ३-२७ विरुद्ध १-१८. टिपरेरीकडून सर्वांत जास्त गुण केले ते डॅरा मॅकार्थी या एकोणीस वर्षांच्या मुलाने, एक गोल आणि तेरा गुण. एप्रिलमध्ये कॉर्कविरुद्धच्याच सामन्यात, खेळ सुरू होता होताच त्याला लाल कार्ड मिळालं होतं. अशा पोराला घरी न बसवता पुन्हा उभं करणाऱ्या प्रशिक्षकांना मी मनातल्या मनात नमस्कार केला. हॉलमधलं एकही माणूस सामना संपण्याआधी उठलं नाही. पुढच्या शनिवारी सकाळी नातीच्या मैदानावर नेहमीइतकीच मुलं होती, आणि नर्सबाई चेंडू कसा अडवायचा ते शिकवत होत्या.

हे सगळं बघताना वाई डोक्यातून जात नव्हती. हर्लिंग फार जुना खेळ. १३६६ सालच्या किल्केनीच्या कायद्यांत त्यावर बंदी घातलेली आहे. पण एकोणिसाव्या शतकात तो संपत आला होता. एका भागात एक तऱ्हा, दुसऱ्या भागात दुसरी. संघात किती माणसं याचाही मेळ नाही. मायकेल क्युसॅक नावाच्या एका शिक्षकाने त्यासाठी वर्तमानपत्रांतून लिहायला सुरुवात केली, आणि १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स गावात हेज हॉटेलमध्ये मोजक्या माणसांनी बसून संघटना काढली. नियम एक केले आणि खेळ हद्दीहद्दीच्या हवाली केला. पहिल्यांदा संघात एकवीस जण असत, पंधरा नंतर झाले. नियम पुढे बदलत राहिले, पण मालकी बदलली नाही. २०१८ साली युनेस्कोने हर्लिंग आणि कमोगीला मानवी वारशाच्या यादीत घेतलं.

आता वाईकडे बघा. आमच्या गावात हद्दी नव्याने आखायची गरज नाही. गणपती आळी, मधली आळी, धर्मपुरी, गंगापुरी, ब्राह्मणशाही, रामडोह. आळीगणिक आपला घाट आणि आपला कृष्णाबाईचा उत्सव. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळच्या नवसाशी त्याचं नातं सांगतात. थंडी सरताना एका घाटाचा उत्सव संपला की दुसऱ्याचा सुरू. वर्गणी, हिशेब, मांडव, कीर्तन, प्रसादाची पंगत, सगळं आळी करते. पोरं पिढ्यान्‌पिढ्या तीच कामं शिकत मोठी होतात. कॉर्कच्या त्या मैदानावर चहा आणि जाळी सांभाळणाऱ्या माणसांपेक्षा आमची आळी कशातही कमी नाही.

खेळही होता. नदीचं पाणी उतरलं की काठाला विटीदांडूचे डाव पडत. बाभळीचा दांडू, दोन्ही टोकं तासलेली चार-पाच इंचांची विटी, आणि जमिनीत खणलेली गल. गलीवर आडवी विटी ठेवून दांडूने कोलायची. झेल गेला तर बाद. नाही तर समोरच्याने विटी फेकून गलीवरचा दांडू टिपायचा. नाही टिपला की टोले. अंतर दांडूने मोजायचं, वकट, लेंड, मूंड, नाल करत. मोजणी कुठे थांबते त्याप्रमाणे पुढचा टोला कधी पायावर विटी ठेवून, कधी मुठीवर, कधी थेट मिटल्या डोळ्यावर ठेवून. आम्ही मुलीही खेळायचो. परकर खोचून. दहा-अकरा वर्षांची झाले आणि घरातून बंद झालं.

मी शिक्षिका झाल्यावर विटीदांडू शाळेत आणायचा प्रयत्न केला होता. वरून एकच प्रश्न आला, नियमपुस्तिका कुठे आहे? खो-खोची होती. १९१४ साली पुण्याला डेक्कन जिमखान्यावर खो-खोच्या नियमांसाठी समिती बसली, पुढे पुस्तिका निघाल्या, राष्ट्रीय स्पर्धा आल्या, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुली आणि मुलगे, दोन्ही संघ जिंकले. शेजारच्या आळीत गलीची लांबी वेगळी आणि बाद व्हायच्या रीती वेगळ्या, म्हणून विटीदांडू मात्र तसाच राहिला. मराठी विश्वकोश आमच्या वाईत, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली तयार झाला. त्यात विटीदांडूवर नोंद आहे. पण कोशात नोंद असणं वेगळं आणि रविवारी दोन आळ्यांचा सामना असणं वेगळं.

विटीदांडू मागे पडण्याचं दुसरं कारण डोळ्यांचं. विटी लागून डोळा गेल्याच्या गोष्टी गावोगाव ऐकलेल्या असतात, आणि त्या खोट्या नाहीत. आईबापांनी खेळ थांबवला यात त्यांची चूक काढता येत नाही. पण हर्लिंगमध्येही डोळे जात होते. त्यांनी खेळ थांबवला नाही, तोंडावर जाळी आणली.

दिवाळीच्या सुट्टीत मी आळीतल्या पोरांना गोळा केलं. क्रिकेटची जाळीवाली हेल्मेटं बहुतेक घरांत धूळ खात पडलेली असतातच, ती मागून आणली. सुताराकडून दांडू करून घेतले, विट्यांची टोकं फार अणकुचीदार नकोत असं बजावून. झेल घेणारी पोरं हेल्मेटशिवाय आत उभी राहणार नाहीत हा पहिला नियम, आणि डोळ्यावरचा टोला काढून टाकला हा दुसरा. त्यावर एका आजोबांनी मला घाटावर अडवून चांगलंच सुनावलं की मग त्यात विटीदांडू उरला काय. मी ऐकून घेतलं, पण टोला परत आणला नाही. मुली पहिल्या दिवशी कट्ट्यावर बसून होत्या. दोघींच्या हातात मीच दांडू दिले. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातली एक मुलांच्या आधी येऊन गल खणत होती.

नियम एका वहीत लिहिले आहेत. गंगापुरीची मुलं येऊन वाचून गेली, त्यांना मान्य आहेत. कोलताना विटी जमिनीला टेकून उडाली तर झेल धरायचा की नाही, यावर अजून एकमत नाही. तूर्त धरायचा नाही असं लिहिलंय, पेन्सिलने. धर्मपुरीचं भांडण गलीवरून आहे. त्यांची गल आमच्यापेक्षा दोन बोटं लांब असते म्हणे, आणि तीच खरी. रविवारी ते स्वतःचा दांडू घेऊन येणार आहेत. सगळ्यांसमोर मोजू आणि जे ठरेल ते वहीत शाईने लिहू.